फ्रीजसमोरचा पाट

गणपतीच्या आधी बाजारपेठेत दुकानांच्या दारांवर विजेच्या माळा लोंबायला लागल्या की अख्खी रत्नागिरी खुशीत येते. दुकानदार एक माळ लावून दाखवतो, मग दुसरी, मग चालू-बंद होणारी तिसरी, आणि ढगाळलेल्या दुपारी रस्त्यावरच्या डबक्यात लाल-हिरवे ठिपके पळायला लागतात. मी त्या माळांखालून मान खाली घालून जाते. घरी आले की नवरा माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारतो, "लागल्या वाटतं माळा?" मी पिशवी ठेवते आणि चहाचं आधण टाकते.

गंमत अशी, की माझं पोट विजेवरच चालतं. मिरजोळ्याच्या बाजूला कातळावर आमची प्रशिक्षण संस्था आहे. तिथे मी घरात वीज खेळवायला शिकवते. वायर कशी सोलायची, स्क्रू किती आवळायचा, कुठल्या खोलीला किती जाडीची तार. आणि मी विजेला भयंकर घाबरते. लपवत नाही, पहिल्याच तासाला मुलांना सांगून टाकते. घरातला बल्बसुद्धा नवरा बदलतो, मी खाली उभी राहून "मेन बंद केलास ना? परत बघ" असं त्याचं डोकं खाते. आमच्या विभागात माझ्याहून जुने सावंत सर आहेत. ते मला सगळ्यांदेखत भित्री भागूबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

माळांची भीती तर साधी आहे. स्वस्तातल्या माळेला पिन नसते किंवा असलेली तुटते. मग काय, टोकं दाताने सोलायची, उघड्या तारा सॉकेटच्या भोकात घालायच्या आणि वर काडेपेटीच्या काड्या ठोसायच्या. आमच्याकडे हे काम घरातला सगळ्यात हुशार समजला जाणारा माणूस करतो. ती माळ मग गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या ओल्या पाना-फळांतून फिरते, खिळ्याला गुंडाळली जाते, आणि तिच्याखाली सगळी वाडी अनवाणी उभी राहून टाळ्या वाजवते. मी दर्शनाला गेले की देवाआधी सॉकेट बघते. देवाने एवढी वर्षं सांभाळून घेतलं आहे, पण त्याला तरी किती कामाला लावायचं?

तरी माझी खरी भीती या माळांची नव्हे. मला आठवतो तो एक लाकडी पाट.

त्याच्याआधी आमच्या वर्कशॉपमधल्या बोर्डांबद्दल सांगायला हवं. भिंतीला लाकडाचे मोठे बोर्ड उभे केलेले आहेत. त्यांच्यावर मुलं वायरिंग करतात, दाखवतात, सोडवतात, पुन्हा करतात. बोर्डात वीज नसते. काम पूर्ण झालं की आम्ही क्षणभर देतो, बल्ब लागतो, सगळे हसतात, आम्ही काढून घेतो. प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात पितळेचा एक बोल्ट आहे. हिरवी वायर त्याला जोडायची. यंत्राच्या लोखंडी अंगात चुकून वीज उतरली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता हिरव्या वायरीतून जमिनीत निघून जावी, म्हणून ही वायर. अर्थिंग. फळ्यावर आम्ही त्याचं चित्रही काढतो. परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक येतात, विचारतात, "हिरवी कुठे?" मुलं बोल्टावर बोट ठेवतात. मार्क मिळतात. इतक्या बोटांनी तो बोल्ट घासून सोन्यासारखा झालाय. आणि बोल्टाच्या मागे काही नाही, नुसतं लाकूड. बरं, हिरवी वायर नसली तरी बल्ब छान लागतो, पंखा फिरतो, फ्रीज थंड होतो. बाकी दोन वायरींपैकी एक निसटली तर घरात बोंब होते. हिरवी निसटली तर कोणाला पत्ताही लागत नाही.

रेश्मा त्या बोल्टावर सगळ्यात सुरेख वायर जोडायची. राजापूरच्या अलीकडच्या एका वाडीतली मुलगी, रोज पहाटेच्या एसटीने यायची, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. हात असा, की तिने सोललेली वायर बघत राहावी. तांब्याला ओरखडा नाही, तोंडाशी एक केस बाहेर नाही. वर्गातली मुलं आधी "ही काय वायरी ओढणार" म्हणून फिदीफिदी हसली, मग निमूटपणे तिचा बोर्ड बघून आपला करायला लागली. ती पास झाली तेव्हा सावंत सरसुद्धा म्हणाले, "मॅडम, ही पोरगी नाव काढणार." त्या वर्षी श्रावणात तिचा फोन आला. घरचं सगळं वायरिंग तिने नवीन केलं होतं. "मॅडम, गणपतीत या ना आमच्याकडे. माझं काम बघायला. आई कधीची बोलवतेय."

मी गौरीजेवणाच्या दिवशी गेले. आभाळ भरून आलेलं, पाऊस पडत होता, थांबत होता, परत पडत होता. एसटीतून उतरून पाखाडीच्या बुळबुळीत पायऱ्या चढताना वाटेत तेरडा मातला होता आणि प्रत्येक घरातून टाळांचा आवाज येत होता. रेश्माचं घर चिऱ्याचं, बुटकं, भर दिवसा आत काळोख. ओटीवर गणपती, त्याच्याभोवती माळा, आणि माळांना व्यवस्थित पिन लावलेल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! शिकवलेलं कुठेतरी उगवलं होतं.

रेश्माच्या आईने गूळ-पाणी पुढे केलं. कामाने काटक झालेली, हसरी बाई. मी गणपतीला नमस्कार केला, तशी ती कौतुकाने म्हणाली, "मॅडम, तो पाट बघितलात, देवाच्या खालचा? फ्रीजसमोरचा तो."

"फ्रीजसमोरचा म्हणजे?"

"अवो, आमचा फ्रीज मारायचा. बोट लावलं की झिण्ण. म्हणून मी त्याच्यासमोर हा पाट टाकून ठेवला होता. फ्रीज उघडायचा तर पाटावर उभं रायचं. पावण्यांनासुद्धा सांगायचे मी, आधी पाटावर चढा, मग दूध काढा." ती खळखळून हसली. "आता रेश्मानं सगळं नवीन केलंन. म्हणालीन, आई, अर्थिंग दिलंय, आता पाट नको. मग म्हटलं, देवाचा पाट किडलाय, हाच धुऊन घेऊ."

मीही हसले. रेश्मा लाजून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी होती. एवढ्यात तिचे मुंबईचे काका आंघोळ करून आले, टॉवेलने डोकं पुसत. गीझर त्यांनीच आणलेला, आदल्या दिवशी रेश्माने बसवलेला. "गीझर एक नंबर," ते म्हणाले, "पण नळ तुमचा चावतो हं रेश्मा. हात लावला की मुंग्या. मी आपला प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, तांब्या तांब्या घेऊन आंघोळ केली." ते हसले. ओटीवरचे दोघेतिघेही हसले. "कोकणातला नळ, मुंबईच्या माणसाला ओळखत नाय," कोणीतरी म्हणालं.

माझा पेला हातातच राहिला. काही वाक्यं आपण ऐकतो आणि ती डोक्यात शिरायच्या आधी पाठीतून खाली उतरतात.

रेश्माची आई नैवेद्याला केळीची पानं आणायला बागेत गेली. मी रेश्माला म्हटलं, "चल, तुझं काम दाखव." स्वयंपाकघर आत होतं. पलीकडे ओटीवर आरती सुरू झाली, टाळ, झांजा, टाळ्या, एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू येईना. बोर्ड खरोखर देखणा होता. तिने झाकण उघडलं. सगळ्या खोल्यांतून आलेल्या हिरव्या वायरी एकत्र, वळणदार, एका पितळेच्या बोल्टला घट्ट आवळलेल्या. अगदी वर्कशॉपमधल्यासारख्या. मी नेहमी पर्समध्ये टेस्टर बाळगते. नवरा म्हणतो, बायका लिपस्टिक ठेवतात. तो काढून फ्रीजच्या मुठीला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला.

"तो पहिल्यापासून तसाच आहे मॅडम," रेश्मा म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता.

"ही हिरवी बोल्टापर्यंत आली. पुढे कुठे जाते?"

तिने बोल्टाकडे बोट दाखवलं.

"रेश्मा, जमिनीत कुठे गेलीय?"

"मॅडम, बोर्डाला बोल्ट..." ती म्हणाली आणि थांबली.

त्या मुलीने काहीच चुकीचं जोडलं नव्हतं. तिला जे शिकवलं, तेच तिने तंतोतंत केलं होतं. फरक एवढाच, की इथे वीज जिवंत होती. आधी नुसता फ्रीज मारायचा, आणि घरातल्या सगळ्यांना तो ठाऊक होता. आता हिरव्या वायरींनी घरातलं सगळं लोखंड एकमेकांना बांधलं होतं आणि जमिनीला काहीच बांधलं नव्हतं. फ्रीजमधून गळणारी वीज बोल्टावर येत होती आणि बोल्टावरून मिक्सरला, इस्त्रीला, गीझरला जात होती. गीझरमधून पाण्याला, नळाला.

"आई कुठेय?" मी विचारलं.

रेश्माने मागच्या दाराकडे बघितलं. केळीची पानं दाराशी भिंतीला टेकवून ठेवलेली, त्यांच्यावरून पाणी निथळत होतं. शेजारी चिखलाने माखलेल्या चपला. पावसात भिजून, गुडघाभर चिखलाची होऊन आलेली बाई नैवेद्याच्या आधी आंघोळीला गेली होती. न्हाणीच्या दारामागून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. टाळांच्या आवाजात माझाच आवाज मला ऐकू आला नाही, तिला काय ऐकू जाणार? दार ठोठावावं, तर ती घाईने उठेल आणि आधाराला नळ धरील, असं एकदम मनात आलं आणि माझा उचललेला हात तसाच राहिला. माझे पाय जमिनीला चिकटले होते. रेश्माचे नव्हते. ती ओटीवर धावली. मेन स्विच गणपतीच्या बाजूच्या भिंतीवर, माणसांच्या गर्दीच्या पलीकडे. माणसांना ढकलत, कोणाच्या तरी हातातली झांज पाडत ती गेली आणि तिने खटका खाली ओढला.

सगळ्या माळा विझल्या. गणपतीचा चेहरा काळोखात गेला, मग समईच्या उजेडात हळूहळू परत दिसायला लागला. "अगो, आरती चालली आहे! देवासमोर काळोख केलास?" काका ओरडले. आरती मात्र थांबली नाही. आमच्याकडची आरती अशी थांबत नाही.

मी न्हाणीच्या दाराशी उभी होते. आतला पाण्याचा आवाजही थांबला होता.

किती वेळ थांबला होता, मला सांगता येणार नाही. मी दारावर हात ठेवून उभी होते. दाराचं लाकूड ओलं होतं. रेश्मा परत धावत आली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि तिनेही दारावर हात ठेवला. आम्ही दोघी वीज कळणाऱ्या बाया. आत काय झालेलं असू शकतं, याची दोघींना पूर्ण कल्पना होती. मला त्या क्षणी माझ्या शिक्षणाचा इतका संताप आला, की वाटलं, काही माहीत नसतं तर बरं झालं असतं.

मग आतून आवाज आला, थोडा वैतागलेला, अगदी रोजच्यासारखा.

"लाईट गेली काय गो?"

मी म्हटलं, "हो हो, गेली." आणि मग मला रडू आलं.

फ्रीजचा प्लग काढून ठेवला आणि मग मेन पुन्हा चालू केला. काकांना थंड पाणी मिळालं नाही, ते विसर्जनापर्यंत कुरकुरले. जेवताना रेश्माच्या आईने मला वाढता वाढता उजव्या हाताची बोटं चोळली आणि म्हणाली, "गीझराच्या नळानं जरा मुंग्या आल्यावानी झाल्या. नवीन आहे ना, होईल सवय." रेश्मा तिथून उठून गेली.

या गोष्टीवर मी नंतर खूप विचार केला आहे, आणि दर वर्षी या दिवसांत तो परत वर येतो. त्या घराला भीती ठाऊक होती. ती भीती पाटाच्या रूपाने फ्रीजसमोर मांडलेली होती आणि तिच्या जिवावर ते घर सुखरूप होतं. आमच्या शिक्षणाने पहिली गोष्ट काय केली, तर पाट काढला. भीतीचं कारण तसंच ठेवलं आणि भीती तेवढी नेली. मी कितीतरी मुलांचे हात असे धीट करून पाठवले असतील, कुठकुठल्या वाड्यांत ते वायरी ओढत असतील, याचा हिशोब करायला मी बसत नाही. बसले तर उठता येणार नाही.

सुट्टीनंतर मी सावंत सरांना म्हटलं, मुलांना खड्डा खणायला लावणार आहे. ते म्हणाले, "मॅडम, कातळ आहे. पहारीतून ठिणग्या येतील. आणि हे परीक्षेला येत नाही." मी म्हटलं, परीक्षेला न्हाणीघरही येत नाही. माझा आवाज चढला असावा, कारण दुसऱ्या दिवशी ते स्वतःच पहार घेऊन आले. आता आमच्याकडे असं चालतं. बोर्डावरच्या बोल्टापासून हिरवी वायर भिंतीतून बाहेर काढली आहे. मुलं हिरव्या वायरीवर बोट ठेवतात आणि बोट न उचलता चालत सुटतात: वर्कशॉपच्या बाहेर, पागोळ्यांखालून, मागच्या नळाशी, जिथे भांड्यांचं पाणी माडाच्या आळ्यात जातं आणि माती बारमाही ओली असते, तिथपर्यंत. तिथे त्यांनीच खणलेल्या खड्ड्यात पाइप, भोवती ओल धरून ठेवायला कोळसा आणि मीठ थराथराने. "मॅडम, लोणचं घालताय काय?" दर वर्षी कोणीतरी विचारतंच. वायरीचं टोक पाइपाला लागलेलं डोळ्याने बघितल्याशिवाय आणि यंत्राने मोजल्याशिवाय मी कोणाला बोर्डाकडे परत जाऊ देत नाही. मग मी मुद्दाम एका जुन्या इस्त्रीत दोष करून ठेवते आणि बोर्डात खरी वीज सोडते. हातमोजे घालून, रबरी चटईवर उभं राहून, एकेकाने तो दोष शोधायचा. त्या दिवशी वर्गात कोणी हसत नाही. माझं जेवण त्या दिवशी डब्यात तसंच राहतं.

आणखी एक केलं. श्रावणात मुलांना जवळपासच्या घरांत नेते. पिशवीतून हत्यारं काढायच्या आधी घरातल्या बाईला विचारायचं, "काकू, घरात कशाला हात लावायला भीती वाटते?" सुरुवातीला मुलांना लाज वाटायची. पण बायका धडाधडा सांगतात. मोटारीचं बटण मी लाकडाने दाबते. मिक्सर लावताना चपला घालते. त्या खोलीतल्या खिडकीचे गज पावसाळ्यात चावतात. एकीने तर न्हाणीत जाताना मुलांना देवाचं नाव घ्यायला शिकवलं होतं. जिथे वीज गळते तिथे बोट ठेवून दाखवतात बायका, त्यांना फक्त आजवर कोणी विचारलं नव्हतं.

रेश्माने विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या अंगणातल्या माडाच्या आळ्यात स्वतः खणलं. मी गेले होते मोजायला. फ्रीजही दुरुस्त झाला. मध्यंतरी वर्षभर तिने कोणाचं काम घेतलं नाही. आता करते. राजापूर ते लांजा, बोलावणी असतात. कुठल्याही घरात गेली की आधी घराभोवती एक फेरी मारते, जमिनीकडे बघत. लोकांना वाटतं, काहीतरी हरवलंय हिचं.

परवा तिचा फोन आला, गणपतीला बोलवायला. म्हणाली, "मॅडम, आईनं देवाला नवीन पाट केलान. जुना परत फ्रीजसमोर टाकलान. किती सांगितलं, आता काही गरज नाय, तुम्ही मोजलंयत ना? ऐकतच नाय."

"असू दे," मी म्हटलं.

"मीपण तेच म्हटलं शेवटी," ती म्हणाली. "मीपण त्याच्यावरच उभी राहते मॅडम."

आज संध्याकाळी पाऊस झोडपत होता आणि आमच्या आळीतली वीज गेली. घराघरातून एकच वैतागाचा सूर निघाला, कोणाची मालिका, कोणाचा मोबाइल. नवरा आंघोळीला गेला होता. मी काळोखात भाजी निवडत बसले होते, ती तशीच हातात धरून उठले आणि न्हाणीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आमच्या घराचं अर्थिंग मी स्वतः उभं राहून करून घेतलंय, दर उन्हाळ्यात मोजते. सगळं ठाऊक आहे मला. तरी आतून आवाज येईपर्यंत मी तिथून हलले नाही.

"अगं, लाईट गेली का?" तो आतून ओरडला.

"हो," मी म्हटलं, "गेली," आणि भाजी निवडायला परत बसले.